कॅटफिशची हजेरी

बस डेपोत त्यांना सगळे छापासाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब; पाठ वळली की मागून छापा येऊन चिकटायचा. तिकीट तपासनीस म्हणून लागले आणि मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या वर्षांत ते कुठल्या थांब्यावर, कुठल्या झाडाआडून गाडीत चढतील याचा एकाही कंडक्टरला कधी सुगावा लागला नाही. निरोपसमारंभात सहकाऱ्यांचे डोळे पाणावले ते आनंदाने, ही गोष्ट मात्र साहेबांना अजून कुणी सांगितलेली नाही.

मग पाळी आली घराची. साहेब फ्रिज उघडून अर्धं लिंबू बाहेर काढायचे आणि ते कधी कापलं याची चौकशी लावायचे. बाथरूमचा दिवा, गळका नळ, दाराबाहेर वाकड्या पडलेल्या चपला, सगळ्यांचा जबाब घेतला जाई. महिन्याभरात घर ओस पडू लागलं. मुलाला ऑफिसात ओव्हरटाइम लागला. सून हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. तिने आपण होऊन दुपारची पाळी मागून घेतली. बायकोला पळायला जागा नव्हती, म्हणून तिने गच्चीवर कुंड्या मांडल्या आणि एकेका रोपाला एवढं पाणी घातलं की निम्मी रोपं कुजली.

घरात कुणी टिकत नाही म्हटल्यावर साहेबांचं ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, मासे पाळा, शांतपणे बघत बसा. साहेबांना तो वैद्यकीय सल्ला वाटला. बायको आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना काय विनवून आली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

टाकी आली, फिल्टर आला, तळाला टाकायला लाल-निळी टोकदार खडी आली, आडवं ठेवायला एक मडकं आलं. चमचमणारे इवले मासे आले. दुकानदाराने वर एक कॅटफिश गळ्यात मारला. हा तळाशी राहतो, वरच्यांचं उष्टं खातो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं त्याने पटवलं. साहेबांना तो एका वेगळ्याच कारणाने आवडला. त्याला मिशा होत्या, आणि साहेबांनाही होत्या. मिशीवाला माणूस कामात चोख असतो असा त्यांचा अनुभव होता. अनुभव एकाच माणसाचा होता, पण जवळून घेतलेला.

घरी आल्या आल्या मिशीवाला टाकीतल्या आडव्या मडक्यात शिरला तो बाहेर येईना. साहेब खुर्ची ओढून बसले. सकाळ गेली, दुपार गेली. इवले मासे आज्ञाधारकपणे इकडून तिकडे फिरत होते, मिशीवाल्याची शेपटी तेवढी मडक्याच्या तोंडाशी दिसत होती. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. शेपटीही आत गेली.

आयुष्यभर लपणाऱ्यांना शोधून काढलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी बॅटरी आणून मडक्यात उजेड मारला. दुसऱ्या दिवशी मडकंच काढून टाकलं. मासा फिल्टरमागे गेला, तेव्हा डोक्यावर लख्ख पांढरी ट्यूब बसवली. आता त्याला लपायला जागा उरली नाही, पण म्हणून तो फिरायला लागला असंही नाही. कोपऱ्यात काचेला अंग चिकटवून, खडीत तोंड खुपसून तो पडून राही. साहेब रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकत; ते पाण्यावर तरंगत राही आणि तळाशी पोचायच्या आत वरचे मासे फस्त करत.

बायको एकदा गच्चीवर जाता जाता म्हणाली, की तो खाली आणि तुम्ही टाकता वर, त्याच्या तोंडी काय लागणार? साहेबांनी तिला सांगितलं, की भूक लागली की येईल वर झक मारत. डेपोत त्यांनी बऱ्याच जणांना असंच वठणीवर आणलं होतं.

मिशीवाला वठणीवर आला नाही, फिका पडला. पोट आत गेलं. टोकदार खडीवर घासून घासून मिशा झिजल्या आणि तोंडाशी नुसते खुंट उरले. ते बघून साहेबांचा हात नकळत स्वतःच्या मिशीकडे गेला. मग मासाच खराब माल निघाला म्हणत ते तणतणत दुकानात गेले. दुकानदाराने एक निळं औषध आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या दिला. औषधाने पाणी निळं झालं. पाणबुड्याने बुडबुडे सोडले. मासा होता तिथेच होता.

शेवटी सुट्टीच्या दिवशी सून टाकीपुढे वाकली. दिवसभर अंधारलेल्या खोलीत लोकांची हाडं बघणारी बाई. तिने एक्स-रे बघावा तसा मासा बघितला आणि सरळ सांगितलं.

"बाबा, हा अंधारात बाहेर पडणारा मासा आहे. तुम्ही त्याला उजेडात उपाशी मारताय."

घरात त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. खडी काढून मऊ वाळू घाला, मडकं परत ठेवा, तळाला बुडणाऱ्या गोळ्या आणा आणि दिवा घालवल्यावर टाका, सगळं पाणी एकदम उपसू नका, थोडं थोडं बदला, असं तिने समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हेच सगळं स्वतःचा हुकूम म्हणून घरच्यांना ऐकवलं. सुनेने मान डोलावली. वाळू मात्र त्यांनी स्वतः धुतली, पाणी नितळ निघेपर्यंत, बादलीशी उकिडवं बसून.

मग त्या रात्री त्यांनी दिवाणखान्यातला दिवा घालवला, गोळ्या टाकल्या आणि चपला खुर्चीखाली सरकवून अंधारात बसले. झाडाआड उभं राहायची सवय होतीच.

आधी बायको गच्चीवरून उतरली. मग मुलगा आणि सून एकत्रच आत आली. दिवा नाही, दाराशी चपला नाहीत; साहेब बाहेर गेले असं सगळ्यांनी धरलं आणि स्वयंपाकघरातून साहेबांनी कधी न ऐकलेला आवाज आला. तिघं हसत होती. मुलाने लिंबाचा जबाब घेऊन दाखवला, हुबेहूब, मिशीला पीळ देण्यासकट. बायकोला हसून ठसका लागला. पुढे बोलता बोलता सगळंच बाहेर आलं: ओव्हरटाइम कधी नव्हताच, मुलगा रोज ऑफिससमोरच्या बागेत बाकावर बसून वेळ काढतो, सुनेने दुपारची पाळी मागून घेतलेली, आणि माशांची कल्पना डॉक्टरांची नव्हे, बायकोची.

साहेबांच्या हातापायांत वीज भरली. सगळी टोळी एका खोलीत, मुद्देमालासह, कबुलीजबाब देत होती. एवढा मोठा छापा त्यांच्या उभ्या नोकरीत झाला नव्हता. ते खुर्चीतून अर्धे उठले.

तेवढ्यात मडक्यातून मिशीवाला निघाला. स्वयंपाकघरातल्या उजेडाची तिरीप टाकीपर्यंत येत होती, तीत तो दिसला. हळूच वाळूवर उतरला, खुंट झालेल्या मिशांनी वाळू चाचपत गोळीपाशी आला आणि खायला लागला. साहेबांना कळलं की आपण पाऊल टाकलं तर हा आत जाणार. घरचे कुठे पळून जात नव्हते. हा मात्र इतक्या दिवसांनी आला होता. ते हात टेकून तसेच परत खाली बसले. आत त्यांची टर उडत होती आणि ते माशाचं जेवण बघत होते.

मुलगा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला आणि त्याने बटण दाबलं. समोर बाप. टाकीत वाळूचा ढग उडाला, मडक्यात शेपटी नाहीशी झाली.

"दिवा घालव," साहेब म्हणाले.

मुलाने दिवा घालवला. मागोमाग सून आली, बायको आली, आणि काय करावं न कळून तिघंही अंधारात उभी राहिली. बऱ्याच वेळाने मासा पुन्हा बाहेर आला. बायकोने हळू आवाजात विचारलं, की तुम्ही कधीपासून बसलाय इथे? साहेब म्हणाले, "तो निघायच्या आधीपासून."

त्यानंतर साहेब सुधारले असं कुणी समजू नये. फ्रिज अजून उघडतो, नळाची चौकशी होते. पण स्वयंपाकघरात शिरण्याआधी ते दाराशी खाकरतात, आणि सराईत तपासनीस खाकरून येऊ लागला की आतल्यांना आवराआवर करायला अवधी मिळतो. मुलाचा ओव्हरटाइम हळूहळू संपला. माशाच्या मिशा परत फुटल्या, आधी केसाएवढ्या, मग चांगल्या लांब.

डेपोतला एक जुना सोबती भेटायला आला, त्याला साहेबांनी अंधारात बसवलं आणि बोलायची मनाई केली. बराच वेळ बसून त्याने शेवटी विचारलं, की साहेब, यात बघायचं काय?

"तो बाहेर येतो," साहेब कुजबुजले.

"मग?"

"मग काही नाही."

साहेबांचं डोकं फिरलं, अशी बातमी त्याने डेपोभर पसरवली. ती फिरत फिरत बायकोच्या कानावर आली. तिने कुंडीत साचलेलं जादा पाणी ओतून टाकत सांगितलं, की म्हणू देत. निदान आता आम्ही अंधारात बसलो असताना भेटायला कुणी येणार नाही.