शिवेअलीकडचा वाघ

ये गं पोरी, अशी जवळ सरक. आली नाहीस तोच परतीच्या एसटीची चौकशी करतेस. तुझ्या भिवाआज्याची गोष्ट कधी धड ऐकून तरी घेतलीस का?

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात पिकत्या भाताचा गंध तळेघरच्या खाचरांवर दाटला, की मला अजून भावजींची पावलं ऐकू येतात. वाळल्या पानांवरची, दबकी, अधीर. माझे हे धाकटे दीर, तुझा भिवाआजा, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघ व्हायचे. उघड्या अंगावर चुन्याचे पट्टे, अन् डोळ्यांत रानाचं सारं गहिरेपण. अवघं गाव हाकारे घालत त्यांना शिवेपर्यंत पिटाळी, विचारी, परत येशील का आमच्या शिवारात? ‘न्हाई येणार’ म्हणत ते शीव ओलांडत, झऱ्यावर पट्टे धूत, नि माणूस होऊन घरी येत. वर्षाचं भय असं निरोप घेऊन जाई.

मग गावात पर्यटन महोत्सव ठरला. भीमाशंकरला जाणाऱ्या पाहुण्यांना आम्ही बायका नाचणीची भाकरी वाढणार होतो. पाहुणे टिकले तर लेकीसुनांना मजुरीसाठी घाट उतरावा लागणार नव्हता. बारस होऊन गेलेली, तरी मीच भावजींना गळ घातली, की रविवारी स्टेजवर वाघ व्हा.

"वयनी, यंदाचा वाघ गेला. पुन्ना आणला तर घालवायचा कुनी?"

मी हसले. म्हटलं, आख्खं गाव असेल की.

गाव होतं गं. कुणी ताटं वाढत होतं, कुणी गाड्या लावून देत होतं. भावजी नाचले, कॅमेरे लखलखले, टाळ्या पडल्या आणि माईकवाल्यानं पुढचा कार्यक्रम पुकारला. ते कडेला उभेच, मान ताठ, कान टवकारून, त्या एका प्रश्नाची वाट पाहत. मी पाहिलं. पण हात पिठात नि पुढ्यात पाहुण्यांची रांग. मी पुढची भाकरी थापली.

पट्टे धुतले गेले, तगमग राहिली. भावजी भरल्या ताटावरून उठत, शिवेपाशी येरझाऱ्या घालत, पण ओलांडत नसत. न राहवून एकदा मी तिथं गेले नि तो परत येण्याचा प्रश्न विचारला. ते ओशाळं हसले.

"एकटीनं न्हाई व्हत, वयनी. हाकारा गावाचा लागतो."

पुढल्या बारशीच्या आत ते गेले.

आज सुना घरी आहेत, चूल पेटती आहे. चुकले असं म्हणवत नाही, अन् स्वस्थ बसवतही नाही. काळ माणसाला अलगद उचलून नेतो, पण त्याची अस्वस्थ चाल मागं उरलेल्यांच्या पायांत ठेवतो. स्मृती म्हणतात ती हीच असावी. यंदा बारशीला ये गं. हाकाऱ्याला चार माणसं घेऊन ये, आणि लवकर ये.