खुंटीवरचा कोट

बाबा गेल्यानंतर महिन्याभराने चुंबक पुन्हा चालू होणार होतं, आणि बाबांच्या खुर्चीत आता ती बसली होती.

चुंबक म्हणजे एकात एक बसवलेली दोन वेटोळी. बाहेरचं द्रव हेलियमच्या गारठ्यात बुडालेलं. सावकाश चढणारं, सावकाश उतरणारं. आतलं तांब्याच्या चकत्यांचं. गार ठेवणारं पाणी क्षणभर थांबलं तरी वितळेल असं. दोन्हींचा जोर एक झाला की हॉलमध्ये विसरलेला लोखंडी पाना गोळीसारखा सुटतो. म्हणून आधी फळीवरचे पाने मोजायचे, मग कळ दाबायची, हा बाबांचा नेम.

शेवटच्या दिवशी त्यांनी अकरा मोजले आणि प्रयोग थांबवला. सगळा हॉल पालथा घातला, पण बारावा मिळाला नाही. "पहिल्यापासून अकराच असतील. म्हातारा विसरायला लागलाय," असं लोक त्यांच्या देखतच बोलले. दोन दिवसांनी बाबा झोपेतच गेले. हॉलमधल्या धोक्याच्या पिवळ्या रेषेच्या आत खुंटीवर त्यांचा कोट तसाच राहिला. "राहू दे तिथे," असं तीच म्हणाली होती. मग त्याला कुणी हात लावला नाही.

आज तपासणीच्या कागदावर तिने 'अकरा, पूर्ण' लिहून सही केली. फळीवरच्या रिकाम्या बाराव्या खिळ्याकडे पाहायचं तिने टाळलं.

"पोरी, पाणी सोडलंय," पंपवाले काका दारातून ओरडले. "आता बापासारखी मोजत बसू नकोस. त्याच्यापायी आयुष्यभर गार जेवलो!"

तिने बाहेरचं वेटोळं चढवायला घेतलं. शेजारी, ज्यांचा प्रयोग होता त्या प्राध्यापकबाई पडद्यावरचे आकडे बघत होत्या. जोर निम्म्यावर आला तेव्हा काचेपलीकडे कोटाची डावी बाही हलली. कोपरापर्यंत उचलली गेली, मग खांद्यापर्यंत, आणि तिथेच थांबली.

बाबांचा उजवा हात नेहमी कळेवर असायचा. थांबा म्हणायचं झालं की ते डावा वर करत.

"बाई, मी उतरवतेय."

"का गं? आकडे तर छान आहेत!"

"एक पाना आत राहिलाय."

"कशावरून?"

"बाबांनी मोजले होते."

"आणि तू मघाशी सही केलीस त्याचं काय? आज थांबलो तर चुंबकावर आपली पुढची पाळी चार महिन्यांनी. ठाऊक आहे ना?"

"माझ्या नावावर लिहा."

बाई खुर्ची मागे ढकलून निघून गेल्या. जोर उतरायला दोन तास लागले. ती जागची हलली नाही. आकड्यांबरोबर बाहीही इंचाइंचाने खाली येत होती. आकडा शून्यावर आला तेव्हा बाही कोटाला टेकली होती.

आत जाऊन तिने कोट उतरवला. उजव्या खिशाला भोक होतं. त्यातून अस्तरात घसरलेला पाना तिच्या तळहातावर आला.

"म्हणजे ह्याच्याच अंगावर होता की!" मागून काका म्हणाले. "आणि आम्ही त्याला काय काय बोललो."

तिने पाना बाराव्या खिळ्यावर अडकवला आणि कागदावरचं 'अकरा' खोडलं.

मग डावी बाही उलटी केली. शिवणीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. नुसतं कापड होतं. टाचणीसुद्धा नव्हती.