हौदाचा वास

“नाली तुंबली काय जी, इहीनबाई? नाकाले पदर लावून बसल्या म्हून म्हटलं.”

टिकारामने विचारलं, तशा त्याच्या विहीणबाई गिरजाबाई उठून दार सताड उघडून आल्या. टिकारामने नातवाला घ्यायला हात पुढे केले, तर चंद्रकलेने पोराला छातीशी ओढलं.

“राहू द्या बाबा. तुमच्या आंगाले मिलचा वास येते.”

लेकीच्या सासरी, सगळ्यांदेखत! टिकाराम साबण चोळून, धुतलेला सदरा घालून वरठीला आला होता. तुमसरच्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये, धान भिजवायच्या हौदावर त्याची हयात गेली. त्याला कधी वास आला नव्हता. नवरा कारखान्यात लागला तशी पोरगी नाकाने कांदे सोलू लागली, असं म्हणत तो चहा न घेताच निघाला.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मिलचा बॉयलर बिघडला. टिकाराम धान कापायला आसगावला, बहिणीकडे गेला. महिनाभर शेतातल्या बांधीच्या मोकळ्या वाऱ्यात राहिला. परत आला तो मिलच्या फाटकातच अडला. आंबल्या, कुजल्या पाण्याचा असा भपकारा आला, की भिंतीला धरून तो भडाभडा ओकला.

हौदावरचा जागेश्वर धावत आला. “काय झालं गा?”

“एवढी घाण! तुले येत नाही?”

“कायची घाण?” जागेश्वर नाक वर करून हुंगत राहिला.

घरी येऊन टिकारामने खुंटीवरचा धुतलेला सदरा नाकाशी धरला. तोच भपकारा. त्याला स्वतःची किळस आली. हे अंगावर घेऊन आपण लेकीच्या घरी बसलो, आणि वर त्यांच्या नालीला नावं ठेवली!

पण पोट कोणाला चुकलंय? तो रोज हौदावर जात राहिला. आठवड्याभरात वास यायचा बंद झाला. त्याला ते ओकारीहून वाईट वाटलं.

संक्रांतीला चंद्रकला माहेरी आली. आली त्या दिवशी पदर नाकाशी धरून अंगणातच बसली. मग हळूहळू घरात वावरू लागली, आणि एका सकाळी तिने आपणहून पोराला बापाच्या मांडीवर ठेवलं.

“आता नाही येत वास, बाबा. चांगली आंगोळ करता वाटते!”

आंघोळ तीच होती, साबणही तोच. पोरगं मांडीवर पाय झाडत हसत होतं. टिकारामने वाकून त्याची टाळू हुंगली. दुधाचा नाही, मिलचा नाही, कसलाच वास आला नाही.

त्याने पोराला लगेच लेकीच्या हातात दिलं.

“वरठीले उतरशीन, तं घरी जायच्या आधी याले ठेसनाच्या नळावर धू, बाई. तू बी हातपाय धू. इहीनबाई दारातच उभ्या राहतीन.”