पुढची चाकं

"वाका साहेब, आजून जरा वाका. हात घाला हितं."

किकवीच्या गोरख मेस्त्रीने केशवचा हात मनगटाला धरला आणि जीपच्या पुढच्या चाकाच्या मधोमध नेऊन ठेवला. तिथे वाटीएवढी एक गोल चकती होती. केशवला ती पाठ होती. दर रविवारी तो ती फडक्याने पुसत असे, आणि गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चाकांना चंदेरी रंग दिला तेव्हा तिच्यावरही रंगाचे दोन हात मारून घेतले होते. गोरखने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो रंग खरवडला. खालून इंग्रजी अक्षरं वर आली. एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'.

"फिरवा."

चकती आधी हलेना. केशवने दोन्ही हातांनी जोर लावला तशी ती फिरली आणि कट्ट करून बसली.

"झालं. आता ह्ये चाक जागं झालं. तिकडचं बी असंच फिरवायचं. ह्याला हब म्हनत्यात. आतली लिवर वढली की लाल दिवा लागतो आन् आपल्याला वाटतंय, लागलं फोर बाय फोर, चारी चाकांना जोर. पर ह्ये दोनी हब फिरवल्याबिगर पुढची चाकं नुसती संगट फिरत्यात. जोर समदा मागच्यांवर."

"म्हणजे गाडीत दोष नाही?"

"गाडी एक नंबर हाय. तीन लाख किलोमीटर व्हत आल्यात, पर ज्यानं चालीवली त्यानं लई जपलीय. त्यांनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

केशव उठून उभा राहिला. गुडघ्यांना चिकटलेली ग्रीसची माती तो बराच वेळ झटकत राहिला.

केशव भोरच्या कॉलेजात हेडक्लार्क. त्याला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण आपल्याला कळतं असं त्याला वाटत होतं, आणि घोळ नेहमी इथेच होतो. वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्याने वीस गुंठे घेतले होते, आंब्याची रोपं लावली होती, आणि तिथवर जायला जीपच पाहिजे असं स्वतःला पटवून दिलं होतं. बायको सरोज म्हणाली होती, "पावणेतीन लाख किलोमीटर? एवढ्यात पृथ्वीला सात फेऱ्या झाल्या असत्या. आपल्याला आंब्यांना पाणीच घालायचंय ना?" पण केशवने वेल्ह्याजवळच्या पालीच्या एका वाडीतल्या मानसिंगची जीप पाहिली, डिझेल इंजिनाचा तो घोगरा, ठाम आवाज ऐकला आणि माणूस जसा प्रेमात पडतो तसा पडला.

मानसिंग साठीचा, बारीक अंगाचा, मोजकं बोलणारा. बायको साळूबाई गेली, आता गाडी कुणासाठी ठेवायची, एवढंच कारण त्याने सांगितलं होतं. गाडी देताना मात्र त्याने दोन दिवस केशवला शिकवलं. सकाळी हीटरचा दिवा विझल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरखालचा नट सैल करून साचलेलं पाणी सोडायचं. लांबून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं, गरम टर्बोला दम खाऊ द्यायचा. केशवने सगळं वहीत उतरवलं होतं. शेवटी मानसिंगने फोर बाय फोरच्या लिव्हरवर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहिला. मग म्हणाला होता, "चला, च्या घिऊ."

हे केशवला आत्ता, गोरखच्या गॅरेजात आठवलं.

आणि मग दुसरंही आठवलं. गेल्या वर्षीचा श्रावण. सरोज आणि कॉलेजातली दोन माणसं गाडीत, आणि आंब्यांच्या मळ्याच्या चढणीवर रुतलेली जीप. लिव्हर ओढलेली, लाल दिवा लागलेला, आणि मागची चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरत होती. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाला हसला होता. ते हसू केशवला रात्रभर झोंबलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तडक वेल्ह्याला गेला. स्टँडजवळच्या हॉटेलात मानसिंग दहा-बारा ओळखीच्या माणसांत चहा पीत बसला होता.

"मेलेल्या बायकोचं नाव पुढे करून मोडकी गाडी गळ्यात मारलीत," केशव दारातूनच म्हणाला होता. "फोर बाय फोर बंद आहे तुमच्या गाडीचं. लाज वाटायला पाहिजे होती."

हॉटेलात आवाज थांबले. मानसिंगने बशी खाली ठेवली. त्याचं तोंड काळवंडलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि उठून निघून गेला.

कबुलीच ती. केशव त्या दिवशी जिंकल्यासारखा घरी गेला होता. पुढे कळलं की त्या खोऱ्यात कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की इंजिन ऐकायला मानसिंगला सोबत नेत. त्याने मान डोलावली की सौदा होई. त्या श्रावणानंतर त्याला कुणी नेलं नाही. केशवला हे कळलं तेव्हा बरंच वाटलं होतं, आणि आता त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली.

"गोरख, इथून पालीला किती वेळ लागेल?"

"तासभर. पर आबाळ आलंय साहेब."

परतीच्या पावसाचं आभाळ होतं. केशव निघालाच. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. माझं अज्ञान, तुमचा अपमान, सगळ्यांसमोर माफी. माफी मागितली की निदान आपण मोकळे होऊ, असं त्याला वाटत होतं.

वाडीकडे डांबरी रस्त्यावरून तांबड्या मातीची तीव्र उतरण खाली जात होती. ती जिथे संपते तिथे एक उंबर होता. केशवने जीप उंबराखाली लावली आणि बांबूच्या बेटाला वळसा घालून चालत घरापाशी आला. मानसिंग ओट्यावर विळ्याला धार लावत होता. आधीपेक्षा वाळला होता. केशवला पाहून त्याने विळा बाजूला ठेवला, उठून घोंगडी अंथरली.

"बसा साहेब."

त्याची मुलगी नूतन पाणी घेऊन आली. वाडीतल्या अंगणवाडीवर ती काम करी. तिने तांब्या ठेवला, केशवकडे बघितलं नाही.

"गाडी उंबरापाशीच लावलीत ना?" तिने विचारलं. "तितंच ऱ्हाऊ द्या. दारात आणू नका. त्या गाडीनंच माझी आई घालवली. ऐन वक्ताला चढणीवर दगा दिला तिनं." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आणि तुमी तीच दुसऱ्याला इकली. निदान सांगून तरी इकायची."

ती आत गेली.

"मानसिंगराव," केशव घाईने म्हणाला, "मी माफी मागायला आलोय. गाडीत काही दोष नव्हता. आज मेस्त्रीने दाखवलं. ते चाकांवरचे हब…"

मानसिंगचा हात एकदम वर झाला. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं.

"चला साहेब," तो मोठ्याने म्हणाला, "भात दावतो तुमाला."

दोघे घरामागच्या बांधावर आले. भात निसवून पिवळं पडत होतं. मानसिंग बांधावर बसला, केशवही बसला. बराच वेळ मानसिंग लोंबीतले दाणे दाबून बघत राहिला.

"ते तिचं काम व्हतं," तो म्हणाला. "अठरा वर्सं. उंबराखाली म्या गाडी थांबवायचो. साळू उतरायची, दोनी हब फिरवायची, बॉनेटवर दोनदा हात मारायची, आन् येऊन बसायची. तिचे हात पडले की म्या निघायचो. चिखुल तिनं तुडवला साहेब, आन् खोऱ्यात डायवर म्हणून नाव माझं झालं. म्या त्यासाठी खाली उतरलोच न्हाई कदी."

पुढे काय येणार हे केशवला दिसू लागलं होतं आणि ते येऊ नये असं वाटत होतं.

"त्या दिशी ती मागं आडवी व्हती. छातीत कळ आलेली. उंबराखाली आलो, सवयीनं थांबलो. लिवर वढली. थांबलोच. मग ध्यानात आलं, आरं, ती तर मागं हाय. म्हणून निघालो. ती मागं हाय एवढंच ध्यानात आलं बगा. ती उतरून काय करायची, ते आलंच न्हाई."

त्याने दाणा तोंडात टाकला, चावला नाही.

"चाकं जाग्यावर फिराया लागली. दोन डाव, तीन डाव. म्या मागं बघितलं. तिला बोलता येत नव्हतं. हात वर करून ती असं करत व्हती."

मानसिंगने मूठ हवेत धरली आणि मनगटातून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा.

"मला वाटलं पानी मागतीय. बाटलीचं टोपान उघड म्हणतीय. म्या टोपान फिरवलं आन् पानी पाजलं तिला. प्याली बी ती. माज्याकडं बगत प्याली."

वाऱ्याने भात हललं.

"मग माणसं आली. झोळी करून वर नेली. तास गेला. डाक्टर म्हणलं, जरा आदी आणायला पायजे हुती. तिसऱ्या दिशी राख सावडून येताना उंबराखाली गाडी दिसली, आन् हात आपसूक तसा फिरला. तवा उमगलं."

"मला गाडी दाखवताना…"

"सांगायचं व्हतं. जीब उचलली न्हाई. उद्या सांगू म्हणलं. तुमी गाडी घिऊन गेला."

"आणि हॉटेलात? तिथे तरी सांगायचं होतंत की हब मीच फिरवले नव्हते."

"त्या हाटेलात ज्ये बसले व्हते ना साहेब, त्येंनीच झोळीला खांदा दिलाय. म्या 'हब' म्हणलं असतं, तर तुमचं राहिलं बाजूला. ज्याला त्याला तीच चढन आठावली असती. लबाड म्हणून घेतलं. ते सोपं पडलं."

केशव उठला. "मी आत्ता हॉटेलात जातो. सांगतो सगळ्यांना, चूक माझी होती. तुमचं काही सांगत नाही. फक्त गाडी चांगली आहे एवढंच."

"गाडी चांगली हाय म्हणलं की पुढचं लोक इचारनारच. मग त्या दिशी का चढली न्हाई? नूतनच पैली इचारंल." मानसिंगने केशवचा हात धरला. त्याची पकड अजून ड्रायव्हरची होती. "ती गाडीला शिव्या देती. देऊ द्या. गाडीला काय लागतंय? माझं नाव ऱ्हाऊ द्या हाय तसंच."

"मग मी काय करू?"

हे विचारताना केशवचा आवाज फुटला. केशवने वाटभर जुळवलेली वाक्यं तशीच उरली होती, आणि ज्या माणसाचं नाव त्याने दहा जणांत घालवलं होतं, तोच आता ते परत घ्यायला तयार नव्हता. हे ओझं आपल्याला भोरला परत न्यावं लागणार, आणि सरोजलाही सांगता येणार नाही, हे केशवला तिथे, त्या बांधावर कळलं.

पाऊस आला. ओट्यावर चहा होईपर्यंत धो धो पडला आणि मग रिमझिम राहिला. नूतनने कप उचलले. "तांबड्या चढणीवर आता निसरडं झालं असंल," ती कोरडेपणाने म्हणाली. "ती गाडी काय चढायची न्हाई. ट्रॅक्टरला फोन करू का?"

"म्या जातो संगट," मानसिंग म्हणाला. "ढकलाया."

डोक्यावर पोतं घेऊन तो उंबरापर्यंत आला. बांबूच्या बेटामुळे तिथून घर दिसत नव्हतं. केशवने इंजिन चालू केलं, दिवा विझेपर्यंत थांबून, शिकवल्याप्रमाणे. मग उतरला, डावीकडच्या चाकापाशी चिखलात बसला आणि चकती फिरवली. कट्ट. तो उजवीकडे आला तेव्हा मानसिंग तिथे आधीच उकिडवा बसला होता. तळवा चकतीवर ठेवलेला. अंगठ्याने तो चंदेरी रंग चाचपत होता.

"रंग दिलाव व्हय," तो म्हणाला. "तुमी बसा साहेब. लिवर वढा."

केशव आत बसला. क्लच दाबला, लिव्हर ओढली. लाल दिवा लागला. बाहेर काही हालचाल नव्हती. वायपर चार वेळा गेला आणि आला. मग खालून कट्ट असा आवाज आला.

मानसिंग उठून बॉनेटसमोर आला. पोतं डोक्यावरून सरकलं होतं, चेहरा पावसाने ओला होता. त्याने हात उचलला आणि बॉनेटवर एकदा मारला.

हात तिथेच पत्र्यावर राहिला. केशवने क्लच दाबून धरला, आणि दुसरा हात पडेपर्यंत तो थांबला.