नंदाबाईंचे शेंगोळे

शीतलनं पळीतला रस्सा तळहातावर घेतला, फुंकर घालून चाटला आणि म्हणाली, "मीठ बिलकुल बराबर झालं, आत्या."

नंदाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ती खरं बोलते आहे की मन राखते आहे, हे आता त्यांना तिच्या डोळ्यांवरूनच ओळखावं लागायचं. सात महिन्यांपूर्वी संभाजीनगरच्या एका दवाखान्यात त्यांची जीभ अर्ध्याहून अधिक काढली होती. तीस वर्षं दातांना तंबाखूची मिश्री लावली, त्याचं हे झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून चव गेली आणि बोलणंही गेलं. तोंडातून आवाज निघायचा, शब्द निघायचे नाहीत. पोट पातळ पेजेवर चाललेलं. पण आज त्या हट्टानं गॅसपुढं उभ्या राहिल्या, हुलग्याचं पीठ लसूण-मिरचीत मळलं आणि एकेक शेंगोळा स्वतःच्या हातानं वळून उकळत्या पाण्यात सोडला.

रविवार होता ना.

नंदाबाईंचं माहेर आष्टी. तिथल्या सख्ख्या-चुलत मिळून अकरा बहिणी, कुणी परतूरला दिलेली, कुणी भोकरदनला, नंदाबाई जालन्यात मस्तगडला. साऱ्यांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता आणि दर रविवारी संध्याकाळी कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिथं सांगायचं, ही चाल नंदाबाईंनीच पाडलेली. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून त्या बोलून पाठवायच्या. "काय शिजवून राह्यल्या गं बायांनो?" अशी सुरुवात करून स्वतःचं कालवण असं काही रंगवून सांगायच्या, की भोकरदनची बहीण लावलेली खिचडी तशीच ठेवून वांगी चिरायला बसायची. आजारपणानंतर शीतलच त्यांच्या नावानं दोन शब्द लिहायची आणि खाली बहिणींचे जोडलेले हात यायचे.

पानं वाढली. नंदाबाईंचे मालक कडूबा आणि मुलगा सोमेश्वर जेवायला बसले. गेले कित्येक महिने कडूबा निम्मी भाकर ताटात ठेवून उठायचे. आज त्यांनी तीनदा शेंगोळे मागून घेतले. हात धुताना सोमेश्वरला म्हणाले, "आज घरात आल्यासारखं वाटून राह्यलं बघ." सोमेश्वर हसला. त्या घरात कुणी हसलेलं नंदाबाईंनी फार दिवसांनी पाहिलं.

म्हणूनच त्यांना घरात सांगता येईना. गुरुवारी अंघोळ करताना जबड्याखाली, ऑपरेशन न झालेल्या बाजूला, बोटांना गाठ लागली होती. बोराच्या बीएवढी, कडक. पुन्हा तिकडून उगवलं तर आपल्या हातात फारसं काही उरणार नाही, हे डॉक्टरांनी सोमेश्वरला सांगितलं तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या.

शीतल भांडी आवरत होती. नंदाबाई फोन घेऊन मागच्या दारी पायरीवर बसल्या. फोनमध्ये त्यांना एवढी एकच जागा ठाऊक होती: बहिणींचा ग्रुप उघडायचा, माईकच्या खुणेवर अंगठा दाबून धरायचा आणि बोलायचं. सात महिन्यांनी त्यांनी अंगठा दाबला. एक शब्द, मग दम, मग दुसरा, असं जपून त्या बोलल्या.

"चांगुणाक्का, गाठ परत आली. दुसऱ्या अंगाला. घरी कुनाला सांगितलं न्हाई. मला लई भ्या वाटून राह्यलं."

अंगठा उचलला. निरोप गेला.

सगळ्यात आधी थोरल्या बहिणीचं, चांगुणाबाईंचं उत्तर आलं. त्याही बोलूनच पाठवत होत्या. "नंदे, आवाज ऐकला गं बाई तुझा. मटन केलं म्हनती का? कर, खाऊ घाल समद्यांला." मागोमाग भोकरदनची म्हणाली, मटण न्हाई, येसर आमटी म्हणाली ती. मग दोघींची जुंपली, बाकीच्या हसू लागल्या. शेवटी धाकटी म्हणाली, "नंदाक्का, तू बोलत जा. आमाला समदं बराबर समजून राह्यलं."

नंदाबाईंनी स्वतःचाच निरोप लावून फोन कानाशी धरला. बंद दाराआडून कुणी बोलावं, तसं काहीतरी ऐकू आलं. काय बोललो ते ठाऊक असूनही त्यांना त्यात 'गाठ' कुठं सापडेना. दुसऱ्यांदा ऐकलं. तरी सापडेना.

बहिणींचा गलका ऐकून शीतल पदराला हात पुसत बाहेर आली. सारे निरोप ऐकून तिचा चेहरा उजळला.

"आत्या, तुमी बोल्ल्या? काय सांगितलं हो त्यांला?"

तिचा हात धरून गळ्याशी न्यायचा, एवढंच करायचं होतं. नंदाबाईंनी तो धरलाही. मग सोडून दिला आणि आतल्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

शीतलनं लिहिलं, "आत्या म्हणतात, शेंगोळे केले."

पुढच्या रविवारी दहाही बहिणींनी शेंगोळे केले आणि फोटो पाठवले. शीतलनं फोन आणून दिला. नंदाबाईंनी गळ्याभोवतीचा पदर घट्ट ओढून घेतला आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. सुनेनं शिकवलं होतं तसं प्रत्येकाखाली लाल बदाम ठेवला. चांगुणाबाईंचा फोटो वाफेनं धुरकट आला होता. त्याच्याखालीही ठेवला, आणि त्या आपली पेज गाळायला उठल्या.