व्हिनेगरचा वास

सासूबाईंच्या खोलीतून आंबट वास येतोय, हे सुनेच्या नाकाने हेरलं. स्वयंपाकघरात पाहिलं, तर परवाच आणलेली व्हिनेगरची बाटली अर्धी रिकामी.

"आई, व्हिनेगर कुणी संपवलं?"

"मला काय ठाऊक बाई? उडून गेलं असेल," म्हणत सासूबाई ठकूला कडेवर घेऊन आत गेल्या.

वर्षभराच्या या नातीला त्याच सांभाळायच्या, म्हणून तर सून औषधांच्या दुकानात निर्धास्त काम करायची. आता मात्र तिच्या जिवाला घोर लागला. म्हातारी पिते की काय? की ठकूवर कसले घरगुती उपाय चाललेत? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला ना, दोरीतही साप दिसतो!"

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर निघाली. चपला दारातच काढून पाय न वाजवता आत आली. ठकू झोपली होती. न्हाणीघरात सासूबाई स्टुलावर बसून पलंगपोसावर व्हिनेगर चोळत होत्या. शेजारी ठकूचं दुपटं. त्यावरही चहाचे डाग.

सासूबाईंनी मान वर केली, थेट सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा चोळायला लागल्या. डाग राहिला बाजूला, कोरीच जागा चोळत होत्या.

सुनेच्या अंगावर काटा आला. "आई, मी समोर उभी आहे."

सासूबाईंच्या हातून बाटली निसटली. त्या म्हणाल्या, "सगळं धुरकट दिसतं गं. कपात म्हणून ओतते, तो चहा बाहेरच सांडतो. पण सांगितलं असतं, तर ठेवली असतीस पोरीला माझ्याकडे?"

"नसती ठेवली. भाजली असती म्हणजे?"

"चहा सांडला तेव्हा दुपट्यात नव्हती ती. तिची शपथ."

सुनेचा विश्वास बसेना. तिने ठकूला उठवलं, कपडे उतरवून तळपायापासून मानेपर्यंत निरखलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग पोरीला छातीशी धरून ती रडली.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय. सुनेने रजा काढली. एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. शेवटची पट्टी निघाली, तेव्हा सासूबाई सुनेकडे पाहतच राहिल्या. "किती वाळलीस गं!"

सून पुन्हा कामावर जाऊ लागली. मात्र रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून घरी फोन करायची, आणि मागून ठकूचा आवाज ऐकू आला की मगच ठेवायची.