उतरलो की उतरवलं

बोर्डिंग पासवरच्या आसन क्रमांकातला १४ हा आकडा अजून वाचता येतो. त्यापुढचं अक्षर गेलं आहे. या कागदावर उष्णतेने छापतात आणि उष्णतेनेच ते पुसतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या यंत्रातून असेच कागद निघतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. त्याला आता बावीस महिने झाले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

नितेश, माझा नवरा, कोचीला जहाजावर रुजू व्हायला निघाला होता. मुंबईला विमानात बसला, पट्टा लावला. मग गणवेशातली एक मुलगी आली. आमचे दोन कर्मचारी याच विमानाने न्यायचेत, म्हणाली, तुम्ही उतराल ना? पुढच्या विमानाने पाठवतो.

नितेश म्हणाला, "बरं."

आमच्याकडे मांडवीत "बरं" म्हणजे ऐकलं. होकार त्यानंतर येतो, कधी येतही नाही. विमान कंपनीने मात्र लिहिलं, प्रवासी स्वखुशीने उतरला. त्याला दुसऱ्या दिवशी पाठवलं, तोवर जहाज सुटलं होतं. जहाज कंपनीच्या नोंदीत तो 'स्वतःहून न आलेला' झाला. तेव्हापासून बोलावणं नाही.

तक्रारीचा मसुदा मी तीनदा केला. दर वेळी तो म्हणायचा, "वेदिका, माझ्याच पायांनी उठलो ना मी?"

"मग काय त्यांनी तुला पालखीतून न्यायला हवं होतं?" माझे सासरे, आप्पा, सुपारी कातरता कातरता म्हणायचे. "मेल्या, उद्या कोणी घर मागितलं तरी बरं म्हणशील."

तो हसायचा. मीही. मसुदा परत कपाटात जायचा. भांडायचाही कंटाळा आला होता.

आज सकाळी जहाज कंपनीच्या एजंटाचा फोन आला. स्पीकर चालू होता. "माझ्या चुकीने उतरलो, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून द्या, नितेशभाऊ. नाव यादीत परत घालतो."

आप्पांचा अडकित्ता थांबला. मला वाटलं, हा देईल लिहून. खरं सांगायचं तर मला तेही चाललं असतं. जहाज तरी मिळालं असतं.

एजंट दोनदा हॅलो म्हणाला.

"मी उतरलो नाही," नितेश म्हणाला. "मला उतरवलं. लिहून देईन तर तेवढंच. आणि विमान कंपनीवर तक्रार करतोय. याच आठवड्यात."